दुःख कोणाचे, दोष कोणाचा?

बेंगळुरू शहराच्या वायव्येस, तुमकुरूकडे जाणाऱ्या महामार्गालगत, पीण्या औद्योगिक क्षेत्र पसरलेले आहे. १९७० च्या दशकात आकारास आलेल्या या वसाहतीत आज हजारो लहानमोठे कारखाने आहेत. यंत्रांचे सुटे भाग घडविणे, पत्रा कापणे व दाबणे, धातूवर मुलामा चढविणे, तयार कपडे शिवणे अशी नाना प्रकारची कामे तेथे चालतात. २०१४ साली मेट्रो रेल्वे येथपर्यंत आली. सकाळच्या पाळीला निघालेल्या गर्दीत कन्नडबरोबर तमिळ, तेलुगू, हिंदी या भाषा कानी पडतात. बेळगाव-निपाणीकडून पोटासाठी आलेल्या माणसांची मराठीही त्यांत मिसळलेली असते.

अशा एखाद्या कारखान्यातील एका प्रसंगाची कल्पना करू. पॉवर प्रेसवर एक तरुण काम करीत आहे. पत्र्याचा तुकडा डायवर ठेवायचा, पायाने पेडल दाबायचे, वरून दट्ट्या खाली येतो, तुकडा हव्या त्या आकारात कापला जातो, तो काढून पुढचा ठेवायचा. तासाला शेकडो वेळा हीच क्रिया. एका क्षणी पेडल न दाबताच दट्ट्या दुसऱ्यांदा खाली येतो. हात आत असतो. तर्जनीची दोन पेरे जातात.

हा प्रसंग कल्पित आहे. परंतु अशा यंत्रावर ज्याने काम केले आहे, त्याला तो नवा वाटणार नाही. आपल्याला येथे विचार करावयाचा आहे तो त्यानंतर बोलल्या जाणाऱ्या शब्दांचा. गावाकडे आई म्हणते, “सटवीने कपाळावर लिहिले ते चुकत नाही.” शेजारच्या यंत्रावरचा कन्नड सोबती म्हणतो, “हणेबरह!” या शब्दाचा अर्थही कपाळावरचा लेख असाच आहे, दोन भाषांनी एकच कल्पना जपली आहे. पर्यवेक्षक विचारतो, “तुझे लक्ष कुठे होते?” मालक म्हणतो, “हात आत घालू नये, हे सांगितले नव्हते का?” चाळीतील एक म्हातारे गृहस्थ हळूच बोलून जातात, “मागच्या जन्मी कुणाचे तरी काही केले असेल.” आणि तो तरुण रात्री ठणकणारा हात उशीवर ठेवून स्वतःला विचारतो, “माझ्याच वाट्याला हे का?”

ही सारी वाक्ये साधी, रोजची आहेत. परंतु त्यांतील प्रत्येक वाक्यामागे दुःख व दोष यांच्या संबंधाविषयीचा एकेक विचार उभा आहे. हजारो वर्षे तत्त्वज्ञांनी आणि धर्मप्रवर्तकांनी याच प्रश्नाशी झुंज दिली आहे.

करावे तसे भरावे

आपल्याकडे या प्रश्नाचे सर्वांत परिचित उत्तर म्हणजे कर्मसिद्धान्त. ‘पेरावे तसे उगवते’, ‘करावे तसे भरावे’ या म्हणींत तो लोकांच्या तोंडी आला आहे. शास्त्रकारांनी कर्माचे तीन भाग सांगितले. मागील जन्मांपासून साठलेले ते संचित, त्यांपैकी ज्याचे फळ भोगावयास सुरुवात झाली ते प्रारब्ध, आणि आज आपल्या हातून घडत आहे ते क्रियमाण. व्यवहारात आपण यांतील प्रारब्धाचेच नाव अधिक घेतो. क्रियमाणाचा उल्लेख क्वचितच होतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

कर्मसिद्धान्ताचे बळ कशात आहे? जगात एक सुखात लोळतो, दुसरा जन्मभर कष्टतो. हे पाहून माणसाला वाटते की, ईश्वर असेल तर तो पक्षपाती तरी असावा किंवा निर्दय तरी. ही शंका ब्रह्मसूत्रांतच नोंदविलेली आहे. तिला उत्तर देताना शंकराचार्यांनी पावसाचा दृष्टान्त दिला. पाऊस सर्व शेतांवर सारखाच पडतो; एका शेतात भात उगवतो व दुसऱ्यात जव, तो बीजाच्या भेदामुळे. ईश्वर पावसाप्रमाणे सर्वांना समान आहे. भेद जीवांच्या कर्मांचा आहे. या उत्तराने जग निखळ अन्यायाचे आहे, ही भीती दूर होते. शिवाय आपल्या कृत्याचे फळ आपल्यालाच भोगावे लागेल, ही जाणीव माणसाला वाईटापासून आवरते. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांची चर्चा एकाच प्रकरणात केली, यालाही अर्थ आहे. माणसाला प्रयत्नाचे स्वातंत्र्यच नसेल, तर त्याला कर्माबद्दल जबाबदार तरी कसे धरता येईल?

मात्र या सिद्धान्ताची दिशा बदलली की त्याचा अर्थही बदलतो. ‘मी जे करीन ते मला भरावे लागेल,’ असे जो स्वतःविषयी म्हणतो, तो सावध होतो. ‘त्याने जे भोगले ते त्याने केलेच असणार,’ असे जो दुसऱ्याविषयी म्हणतो, तो मोकळा होतो. पहिल्या वाक्यात कृतीकडून फळाकडे जावयाचे आहे. दुसऱ्यात फळ पाहून न पाहिलेली कृती कल्पावयाची आहे. चाळीतील त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी नेमके हेच केले. त्यांच्या मनात दुष्टपणा नव्हता. पण त्यांच्या एका वाक्याने जखमी माणूस आरोपी झाला, आणि पॉवर प्रेस निर्दोष सुटला.

खुद्द भारतीय परंपरेत याहून सूक्ष्म विचार आढळतात. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे आधार किंवा स्थान, कर्ता, करण म्हणजे साधने, निरनिराळ्या चेष्टा म्हणजे क्रिया, आणि पाचवे दैव. या पाचांना सोडून जो एकट्या कर्त्याकडेच पाहतो त्याला नीट दिसत नाही, असेही तेथे म्हटले आहे. गीतेचा हेतू तेथे कर्तेपणाचा अहंकार घालविण्याचा आहे, अपघाताची चौकशी करण्याचा नाही, हे खरे. तरीही ही पाच कारणे आपल्या प्रसंगाला लावून पाहण्यासारखी आहेत. स्थान: दाटीवाटीची, मंद उजेडाची शेड. कर्ता: तो तरुण, जो मदतनीस म्हणून लागला आणि आठवड्याभरात यंत्रावर बसविला गेला. करण: झिजलेला क्लच, ज्यामुळे दट्ट्या आपोआप पुन्हा खाली येऊ शकतो, आणि डायपुढची संरक्षक जाळी, जी काम लवकर उरकावे म्हणून कधीच काढून ठेवली आहे. क्रिया: तासाला ठरवून दिलेले नगांचे लक्ष्य. या चार कारणांची छाननी झाल्यावर दैवाच्या वाट्याला किती उरते, हे ज्याचे त्याने पाहावे. हरियाणातील वाहन-उद्योगात बोटे गमावणाऱ्या कामगारांविषयी ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून अहवाल प्रसिद्ध करीत आली आहे. अनेक पॉवर प्रेसना हात आत असताना यंत्र थांबविणारी साधी योजनादेखील नव्हती, असे त्या अहवालांत आढळते.

जैन विचाराने आणखी एक मोलाचा शब्द दिला आहे: प्रमाद, म्हणजे बेसावधपणा. ‘तत्त्वार्थसूत्रा’त हिंसेची व्याख्या करताना केवळ प्राण घेणे एवढेच सांगितलेले नाही, प्रमादामुळे झालेली प्राणहानी ती हिंसा, असे म्हटले आहे. दोष मनातील द्वेषाचाच असतो असे नव्हे. काळजी न घेणे हाही दोष आहे. ज्याने जाळी काढली त्याला त्या तरुणाचा द्वेष नव्हता. जैन दृष्टीने मात्र त्यामुळे तो निर्दोष ठरत नाही. कर्नाटकात जैन परंपरेचे मोठे स्थान श्रवणबेळगोळ आहे. तेथे गोमटेश्वराच्या पायाशी मराठीतील एक फार जुना लेख कोरलेला आहे, हे जाता जाता सांगण्यास हरकत नाही. आपली भाषा या मुलखाला परकी नाही.

बुद्धांनी तर हा प्रश्न अगदी स्पष्टपणे हाताळला. संयुत्तनिकायातील एका सुत्तात सीवक नावाचा परिव्राजक त्यांना विचारतो की, माणसाला जे जे सुखदुःख होते ते सारे पूर्वकर्मामुळेच, असे काही लोक म्हणतात, ते खरे काय? बुद्ध ते मान्य करीत नाहीत. ते आठ कारणे सांगतात. पित्त, कफ, वात, या तिघांचा एकत्र प्रकोप, ऋतूतील बदल, निष्काळजी वर्तन, बाहेरून झालेला आघात, आणि आठवे कारण कर्मविपाक. आठांपैकी एक! जे डोळ्यांना दिसते आणि लोकांना ठाऊक आहे, ते नाकारून सारे पूर्वकर्मावर ढकलणे चूक आहे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख आहे. धर्मानंद कोसंबी (१८७६-१९४७) यांनी गोव्यातील आपले घर सोडून पाली भाषेचा ध्यास घेतला, आणि बुद्धांचा विचार साध्या मराठीत आणला. त्यांचे ग्रंथ वाचताना हा विवेकी, वैद्यासारखा बुद्ध आपल्याला भेटतो. बाण लागलेल्या माणसाचा दृष्टान्त याच बुद्धांचा आहे. बाण कोणी मारला, मारणारा कोणत्या कुळातला, धनुष्य कशाचे, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही, असे जखमी म्हणत बसला, तर उत्तरे मिळण्यापूर्वीच तो मरेल.

मंगळवेढ्याची भिंत

मराठी माणसाला हा प्रश्न केवळ ग्रंथांतून भेटलेला नाही. शके १२६० मध्ये, म्हणजे इसवी सन १३३८ च्या सुमारास, मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालले होते. त्या कामावर राबणाऱ्या मजुरांत संत चोखामेळा होते. भिंत कोसळली आणि तिच्याखाली मजूर गाडले गेले, चोखोबाही गेले. परंपरा सांगते की, नामदेव तेथे गेले, ढिगाऱ्यातील अस्थींना कान लावून ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून ओळखल्या, आणि पंढरपुरास महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. ही कथा आपण भक्तीची कथा म्हणून ऐकतो, आणि ती तशी आहेच. पण ती कामावरच्या अपघाताचीही कथा आहे. कामाला लावलेले मजूर, कच्ची भिंत, एकाच वेळी अनेकांचा मृत्यू. इतर मजुरांची नावे कोणी जपली नाहीत.

चोखोबांच्या घरात दुःखाविषयी जो विचार झाला, तो एकाच सुराचा नाही, हे फार लक्षणीय आहे. आपल्याला हीन मानलेल्या जातीत जन्म मिळाला तो पूर्वजन्मीच्या दोषाचे फळ म्हणून, असा भाव चोखोबांच्या काही अभंगांत दिसतो. रूढ समजूत त्यांनी स्वतःवर लावून घेतली, आणि ती लावून घेतानाची वेदनाही लपविली नाही. त्यांच्या पत्नी सोयराबाई यांनी वेगळा प्रश्न केला. विटाळ जर देहाचाच असेल, तर विटाळावाचून जन्मलेला देह कोणता? आणि त्यांचा मुलगा कर्ममेळा याने तर देवालाच जाब विचारला. उष्टे खाणे वाट्याला येणारा असा जन्म तू आम्हांला का दिलास, यात तुझा कोणता मोठेपणा, असा त्याच्या वाणीचा रोख आहे. एकाच घरात, एका पिढीच्या अंतराने, ‘दोष माझा’ येथून ‘दोष कोणाचा?’ येथपर्यंत विचार आला. कर्ममेळ्याच्या वाट्याला बापाइतकी प्रसिद्धी आली नाही. परंतु नुसते सोसण्यापेक्षा सोसण्याचे कारण विचारणे, ही त्याची देणगी मराठी विचाराला मिळालेली आहे.

ईयोबाचे मित्र

यहुदी आणि ख्रिस्ती धर्मग्रंथांत ईयोबाची कथा आहे. ईयोब हा सज्जन व ईश्वरभक्त माणूस. त्याची गुरेढोरे गेली, मुलेबाळे गेली, अंगभर फोड उठले. राखेत बसलेल्या ईयोबाला भेटण्यासाठी एलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र आले. सात दिवस ते त्याच्याजवळ काही न बोलता बसून राहिले. पुढे ते बोलू लागले, आणि तेथे बिघडले. ईश्वर न्यायी आहे. तू भोगतो आहेस. म्हणजे तू पाप केलेच असले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. ईयोब ते मान्य करीत नाही. तो ईश्वराशी भांडतो, पण खोटी कबुली देत नाही. अखेरीस ईश्वर प्रकट होतो, तो ईयोबाला दुःखाचे कारण सांगतच नाही. मात्र मित्रांवर रागावतो. ईश्वराची बाजू घेऊन बोलणारे मित्र चुकले, आणि ईश्वराशी भांडणारा ईयोब बरोबर ठरला. ही कथा ज्याने लिहिली त्याचे धैर्य मोठे होते.

पुढे ख्रिस्ती शुभवर्तमानात असाच प्रसंग येतो. जन्मांध माणसाला पाहून शिष्य येशूला विचारतात की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो आणि त्या माणसाला दृष्टी देतो. संत ऑगस्टीनसारख्या ख्रिस्ती तत्त्वज्ञांनी मात्र आदिमानवाच्या पापाचा वारसा सर्व मानवजातीकडे आला, असे मानले. इस्लामला हा वारसा मान्य नाही. कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, अशी कुराणाची शिकवण आहे. संकट ही कसोटी मानावी, ‘सब्र’ म्हणजे धीर धरावा, आणि गरजवंताला जकात द्यावी, या गोष्टी तेथे एकमेकींपासून वेगळ्या नाहीत.

माणसाच्या कृत्याशी संबंध नसलेले दुःखही असते, असे कोणी म्हणेल. भूकंप घ्या. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सणाच्या दिवशी, लोक प्रार्थनामंदिरांत जमलेले असताना लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले, आणि युरोपातील विचारवंतांचा ‘सारे काही चांगल्यासाठीच घडते’ हा विश्वास डळमळला. आपल्याकडे १९३४ च्या बिहार भूकंपाला महात्मा गांधींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले, तेव्हा रवींद्रनाथ ठाकुरांनी त्यास जाहीर विरोध केला. दोघेही अस्पृश्यतेच्या विरोधात होते, तरीही निसर्गातील घटनेला नैतिक शिक्षा मानणे रवींद्रनाथांना धोक्याचे वाटले. लातूर-उस्मानाबाद (आताचे धाराशिव) भागात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. जमीन कोणाच्या पापाने हादरली नाही. पण सुमारे आठ हजार माणसे गेली, ती बहुतांशी जड दगडांच्या, मातीत रचलेल्या भिंतींखाली आणि जाड माळवदांखाली. निसर्गाचे दुःख कोठे संपते आणि माणसाच्या हातचे कोठे सुरू होते, ही सीमा वाटते तितकी ठळक नसते.

दैवाकडून हक्काकडे

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात या प्रश्नाला नवे वळण लागले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ या नाटकात, ग्रहदशेची भीती घालून एका कुणबी जोडप्याला कसे लुबाडले जाते, हे दाखविले. ज्याला आपण दैव म्हणतो त्याच्या आडून कोणाचा तरी हात काम करीत असतो; तो हात ओळखण्यासाठी विद्या हवी, असे त्यांचे प्रतिपादन होते.

त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी हा विचार गिरणीत नेला. लोखंडे ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक होते. १८८४ साली मुंबईत त्यांनी गिरणी-कामगारांच्या सभा घेतल्या, आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यात पाच मागण्या होत्या. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाच्या वेळेची मर्यादा, आणि पगार वेळेवर मिळणे या चार मागण्या सर्वज्ञात आहेत. पाचवी मागणी आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. काम करताना ज्याला गंभीर इजा होईल त्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जो कायमचा अपंग होईल त्याच्या उपजीविकेची सोय व्हावी. या मागणीत कामगाराच्या पूर्वजन्माची चौकशी नाही; त्याची चूक होती की नव्हती, याचीही नाही. ईयोबाच्या मित्रांना जे सुचले नाही, ते मुंबईच्या गिरण्यांतील, बहुतेक निरक्षर असलेल्या, कामगारांच्या निवेदनात आले.

त्या काळी इंग्रजी कायद्याचा विचार निराळा होता. जखमी कामगार न्यायालयात गेला तर मालकाला तीन सबबी सांगता येत. चूक कामगाराची स्वतःचीच होती. चूक त्याच्या सोबत्याची होती, माझी नव्हे. किंवा धोका ठाऊक असूनच तो कामावर आला होता. आपल्या प्रसंगातील पर्यवेक्षकाचे व मालकाचे बोलणे आठवून पाहा. सबबी फारशा बदललेल्या नाहीत. इंग्लंडमध्ये १८९७ च्या कायद्याने या सबबींचे बळ मोडले. भारतात १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. कामामुळे व काम चालू असताना इजा झाली, एवढे सिद्ध झाले की मालकाने भरपाई द्यावयाची. दोष कोणाचा, हे पाहावयाचे नाही. कामगार नशेत असेल, किंवा त्याने सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला असेल, तर मालकाला सूट होती. परंतु मृत्यू झाल्यास तीही सबब चालत नसे. त्या कायद्याच्या परिशिष्टात अवयवांची एक यादी होती. अंगठा गेल्यास कमाईच्या क्षमतेची हानी ३० टक्के, पूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के, तिची दोन पेरे गेल्यास ११ टक्के. माणसाच्या बोटाला असा आकडा लावणे प्रथम निष्ठुर वाटते. परंतु हा आकडा पापाचा नाही, नुकसानीचा आहे. बोट गमावलेल्याच्या चारित्र्याविषयी तो काहीही बोलत नाही, आणि हीच त्याची माणुसकी म्हणावी लागेल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात केंद्र सरकारात मजूरमंत्री होते. त्याच काळात प्रा. बी. पी. आडारकर यांनी कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल १९४४ साली सादर केला, आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा साकारला. पुढे नुकसानभरपाईचा आणि विम्याचा असे दोन्ही कायदे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत एकत्र करण्यात आले. पीण्यातील कामगार विम्याखाली नोंदलेला असेल, तर कामावरील इजेच्या काळात त्याला वेतनाच्या मोठ्या हिश्श्याइतकी रक्कम मिळते. नोंदलेला नसेल, तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. ठेकेदाराने नावच नोंदविले नाही, की खरी ससेहोलपट सुरू होते. जखमी माणसाला आधी आपण तेथे कामाला होतो हेच सिद्ध करावे लागते. म्हणून हजेरी-पत्रक, वेतनचिठ्ठी आणि विम्याचा क्रमांक जपून ठेवणे, ही तत्त्वज्ञानाच्या पाठात न शोभणारी सूचना येथे मुद्दाम केली आहे.

बाबासाहेबांनी कर्मसिद्धान्ताचा विचार आपल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही केला. तो त्यांच्या निधनानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. गरिबाचे दारिद्र्य हे त्याच्या मागील जन्मीच्या कर्माचे फळ मानले, तर समाज आणि राज्य यांची त्याच्याविषयीची जबाबदारीच संपते, असा त्यांचा आक्षेप होता. बुद्धांचा कर्मविचार त्यांच्या मते जगातील नैतिक व्यवस्थेविषयी आहे. चांगल्या कृत्यांनी जग चांगले राहते, वाईट कृत्यांनी ते बिघडते. एखाद्या व्यक्तीच्या नशिबाचा हिशेब त्यावरून मांडता येत नाही. हा अर्थ सर्व बौद्ध पंडितांना मान्य झालेला नाही. तरीही पीण्यासारख्या ठिकाणी तो किती लागू पडतो, हे पुढील उदाहरणावरून दिसेल.

अनेकांचा मिळून एक दोष

पीण्यात धातूवर क्रोमियमचा मुलामा देणारे पुष्कळ छोटे कारखाने आहेत. आपल्या नळाची तोटी किंवा दुचाकीचा चकचकीत भाग अशाच मुलाम्याने झळकतो. मुलाम्याच्या हौदातील क्रोमियमचे एक रूप, ज्याला षट्संयुजी क्रोमियम म्हणतात, अतिशय विषारी असते. त्याच्या वाफेत वर्षानुवर्षे काम करणाऱ्याच्या नाकातील पडद्याला भोक पडू शकते, कातडीवर न भरणाऱ्या जखमा होतात, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. सांडपाणी शुद्ध न करता जमिनीत किंवा गटारात सोडले, तर हे विष भूजलात उतरते. पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमहून अधिक क्रोमियम नसावे, असे भारतीय मानक आहे. पीण्यातील काही ठिकाणच्या भूजलात ते मर्यादेच्या पुष्कळ वर आढळले आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील ८८ औद्योगिक समूहांच्या प्रदूषणाचे मोजमाप केले, त्यांत पीण्या होते.

आता विचारा: हे पाप कोणाचे? ज्या छोट्या कारखानदाराने बादलीभर पाणी गटारात ओतले, त्याला वाटले, एवढ्याने काय होते? आणि त्याच्या एका बादलीने खरोखरच फार काही झाले नाही. शेजाऱ्यानेही तेच केले. पाणी शुद्ध करण्याचा खर्च धरला असता तर त्याचा दर वाढला असता, आणि मोठ्या कंपनीने काम दुसऱ्याला दिले असते. कंपनीला स्वस्त माल हवा होता, कारण ग्राहकाला, म्हणजे आपल्याला, स्वस्त दुचाकी हवी होती. तपासणी करणाऱ्याने कधी काणाडोळा केला. काहींनी ओतले त्याला वीस-पंचवीस वर्षे होऊन गेली. त्यांचे कारखाने बंद पडले. आणि ज्या मुलीने आज कूपनलिकेचे पाणी प्यायले, ती तेव्हा जन्मलीही नव्हती.

येथे कर्त्याचे कर्म कर्त्यालाच भोगावे लागले नाही. अनेकांनी थोडे थोडे केले आणि भलत्यांनीच भोगले. जुन्या ग्रंथांत पाप म्हणजे बहुधा एका माणसाचे एक कृत्य असते: चोरी, हत्या, असत्य. अशा विखुरलेल्या दोषासाठी आपल्याकडे नीट शब्दही नाही. दिल्लीतील एका खत कारखान्यातून १९८५ साली विषारी वायू गळल्यावर, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये या प्रश्नाच्या एका भागाला उत्तर दिले. जो धोकादायक उद्योग करून नफा मिळवितो, त्याने आपण किती काळजी घेतली होती हे सांगत बसू नये. हानी झाली की पूर्ण भरपाई द्यावी. भोपाळची दुर्घटना तेव्हा अवघ्या दोन वर्षांपूर्वीची होती. परंतु वायू एका कारखान्यातून गळला होता. शंभर हौदांतून झिरपलेल्या पाण्याला हे उत्तर कसे लावावे, हा प्रश्न त्याने सुटत नाही. तेथे जैनांचा प्रमाद हा शब्द पुन्हा आठवतो. फक्त तो एका मुनीच्या पावलापुरता न ठेवता संपूर्ण वसाहतीला लावावा लागेल.

आपल्या प्रसंगातील तरुण दीड महिन्याने कामावर परतला, असे समजू. दट्ट्या आता दुसरा कोणी चालवीत आहे. याला माल मोजण्याच्या कामावर ठेवले आहे. कार्यालयातील टेबलावर अपघाताची नोंद करावयाचा छापील कागद अजून अर्धवट भरलेला पडला आहे. नाव, वय, तारीख, वेळ, इजा झालेला अवयव, सारे लिहून झाले आहे. ‘अपघाताचे कारण’ या रकान्यात ‘कामगाराचे दुर्लक्ष’ असे लिहावे, म्हणून लेखनिकाने पेन उचलले आहे, आणि खाली सही करण्यापूर्वी तो तरुण म्हणतो, “साहेब, जाळी नव्हती तेही लिहा.”